एकच कागद

झाशी मागे पडली तेव्हाच तुमच्या पायांची बोटं बधिर झाली होती. पुण्याहून निघताना कुणी सांगितलं नव्हतं की उत्तरेतला डिसेंबर असा हाडांत शिरतो. डब्यातल्या मंडळींनी घोंगडी, शाल, उपरणं, हाताला लागेल ते कानांवरून गुंडाळलंय. बाहेर कोळशाचा धूर; आत तपकीर, कातरलेली सुपारी आणि शिळ्या दशम्या यांचा मिळून एक वास. गाडीला लोक ‘होमरूल स्पेशल’ म्हणतात. पश्चिमेकडचे प्रतिनिधी घेऊन ती लखनौच्या काँग्रेसला निघालीय आणि पुढच्या कुठल्याशा डब्यात खुद्द टिळक आहेत.

वर्ष १९१६. तुम्ही शंभराहून अधिक वर्षं पुढून आलेले आहात, हे इथं कुणाला ठाऊक नाही. तुम्हाला एकच अट आहे: पुढे काय झालं ते सांगायचं नाही. सांगायला तोंड उघडलंत की ठसका लागतो. आतापर्यंत दोनदा लागून झालाय. समोरचे मास्तर कळवळून म्हणाले, “अहो, गळ्याला काहीतरी गुंडाळा.”

मास्तर साताऱ्याचे. पेन्शनीत निघाल्यावर राजकारणात पडले, नोकरीत असताना पडायची सोय नव्हती. शाळा सुटली तरी प्रश्न विचारायची खोड सुटलेली नाही. “होमरूल हाच शब्द बळवंतरावांनी का घेतला, सांगा पाहू?” आणि तुमच्या उत्तराची वाट न पाहता, “स्वराज्य म्हटलं की सरकारच्या पोटात गोळा उठतो. होमरूल हा त्यांच्याच पार्लमेंटात तीस वर्षं चघळलेला शब्द. आयर्लंडला द्यायचं की नाही यावर तिथं मंत्रिमंडळं पडली. तोच शब्द आपण उचलला तर राजद्रोह कसा व्हायचा?”

तरी व्हायचा तो झालाच. २३ जुलैला टिळकांची साठी झाली, लोकांनी लाख रुपयांची थैली दिली आणि त्याच दिवशी सरकारनं नोटीस बजावली. बेळगावच्या आणि नगरच्या भाषणांबद्दल २० हजारांचा जातमुचलका आणि १०-१० हजारांचे दोन जामीन. ९ नोव्हेंबरला हायकोर्टानं हुकूम रद्द केला. टिळकांची बाजू मांडायला उभे राहिलेले बॅरिस्टर होते महंमद अली जीना. लखनौला मुस्लिम लीगचं अधिवेशन याच आठवड्यात भरतंय, त्याचे अध्यक्षही तेच.

बेळगावचं नाव निघाल्यावर तुमच्या डोक्यात दुसरीच तारीख वाजते. टिळकांची होमरूल लीग तिथं स्थापन झाली २८ एप्रिलला. त्याच दिवशी डब्लिनचं मोठं पोस्ट ऑफिस जळत होतं आणि सोमवारपासून ते धरून बसलेले बंडखोर धुरातून बाहेर पडत होते. बेळगावच्या मंडपातल्यांना त्या घटकेला याचा पत्ता असणं शक्य नव्हतं. पुढे मे महिन्यात गोळ्या घातलेल्यांची नावं येत राहिली. ज्या आयर्लंडाकडून टिळकांनी सनदशीर शब्द उसना आणला, त्या आयर्लंडात तो शब्द त्याच आठवड्यात जुना झाला.

“पण तिथं समदेच होमरूल मागत्यात का?” हे वाईकडचे बागाईतदार. सत्यशोधकांच्या सभांना बसून आलेले. मास्तरांचं वाक्य सोलून पाहिल्याशिवाय गिळत नाहीत.

मास्तर प्रामाणिक आहेत, नाही म्हणतात. आयर्लंडात चारातले तीन कॅथलिक, त्यांना डब्लिनात आपलं पार्लमेंट हवं. उत्तरेला अल्स्टर. तिथं प्रॉटेस्टंटांची दाट वस्ती, जहाजांचे कारखाने, तागाच्या गिरण्या. त्यांना लंडनशी असलेली एकी, युनियन, सोडायची नाही. म्हणून ते युनियनिस्ट. होमरूल म्हणजे रोमरूल, पोपचं राज्य, असं ते म्हणतात. सप्टेंबर १९१२ मध्ये सर एडवर्ड कार्सननी त्यांच्याकडून करारनामा लिहून घेतला. पुरुष आणि बायका मिळून पावणेपाच लाखांच्या घरात सह्या. शिवाय बंदुका आणल्या. १९१४ साली होमरूलचा कायदा झाला खरा, पण युद्ध आलं म्हणून गुंडाळून ठेवलाय.

“म्हंजे आपल्याकडं मुसलमान म्हंत्यात त्येच की,” वाईकर म्हणतात. “काँग्रेसचं राज्य म्हंजे हिंदूंचं राज्य.”

मास्तर खिडकीची झडप वर करतात, बाहेर बघतात, पुन्हा खाली करतात. “म्हणून तर लखनौला चाललोय.”

चारबागचं जे स्टेशन तुम्ही फोटोत पाहिलंय, ते घुमट आणि छत्र्यांचं, ते अजून उभं राहायचंय. पाया दोन वर्षांपूर्वी घातलाय. पण ते असतं तरी आज दिसलं नसतं, इतकी गर्दी. स्वागत मंडळाच्या नेमस्तांचा बेत असा की टिळकांना गुपचूप मोटारीत घालून मुक्कामी न्यायचं, मिरवणूक नको. हा बेत पोरांना कळतो. मोटार सुरू व्हायच्या आत एक पोरगा तिच्यापुढे आडवा पडतो, त्याच्या शेजारी दुसरा. कुणीतरी टायर कापतो. मग घोडागाडी येते, घोडे सोडले जातात आणि जू पोरांच्या खांद्यावर जातं. तुमच्याही हाताला दोराचं टोक लागतं. ताग ओला आहे, तळवा सोलतो. पुढे आडवा पडला होता तो एकोणीस वर्षांचा मुलगा शाहजहाँपूरचा, रामप्रसाद त्याचं नाव. ‘बिस्मिल’ म्हणून तुम्ही त्याला ओळखता. नऊ वर्षांनी इथूनच जवळ काकोरीला तो रेल्वे थांबवेल. तुम्ही हे शेजारच्याला सांगायला जाता आणि ठसका लागतो.

गाडीत टिळक बसलेत. लाल पगडी, उपरणं, मंडालेनंतर खंगलेलं अंग. फुलं टाकणाऱ्यांना ते हात जोडतायत, पण चेहरा असा की सभेच्या कामकाजाचा विचार चाललाय.

मंडपात जास्त वेळ दवडू नका. दोन हजारांवर प्रतिनिधी, इंग्रजी भाषणं, खुर्च्यांचे आवाज, खोकले. तुमचा ठसका तिथं कुणाला कळत नाही. बघण्यासारखं दृश्य व्यासपीठावर आहे. १९०७ साली सुरतेला याच संस्थेच्या सभेत एक मराठी जोडा उडाला होता, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला होता. आज सुरेंद्रनाथ आणि टिळक एका रांगेत बसलेत. अध्यक्ष अंबिकाचरण मजुमदार नऊ-दहा वर्षांच्या फाटाफुटीबद्दल दोन शब्द बोलतात आणि मंडप उभा राहतो. टिळक बोलायला उठले की शहराच्या नावावर कोटी करतात: आपलं ‘लक’ आत्ता, म्हणजे ‘नाऊ’, उघडलं. पुणेकराची कोटी, पण टाळ्या उत्तरेच्या पडतात.

पुढचं त्यांचं बोलणं कान देऊन ऐका. हिंदूंनी मुसलमानांना फार दिलं असं काहीजण म्हणतात, ते म्हणतात. माझं म्हणणं, फार देता येणं शक्यच नव्हतं. स्वराज्याचे हक्क एकट्या मुसलमानांना दिले तरी मला चालेल. रजपुतांना द्या, मागासलेल्या वर्गांना द्या. मग भांडण या देशातल्या देशात राहील, आजच्यासारखं तिघांचं राहणार नाही.

मास्तरांचे डोळे भरून येतात. वाईकर विचारतात, “मागासलेले म्हंजे कोन ओ?”

खरी काँग्रेस रात्री भरते. तुमचा मुक्काम जिथं आहे तिथल्या पडवीत शेगडी पेटवलीय. भोवती चार प्रांतांचे वकील बसलेत आणि मध्ये एक टाइप केलेला कागद हातोहात फिरतोय. कडेला पेन्सिलीनं आकडे लिहिलेत. संयुक्त प्रांत आणि बंगाल या दोन नावांपुढे इतकी खोडाखोड झालीय की कागद तिथं पातळ झालाय. नोव्हेंबरात कलकत्त्याच्या बैठकीत बाकीचं जुळलं होतं, हे दोन आकडे लखनौपर्यंत आले.

कागद तुमच्या हातात येतो. प्रांतिक कौन्सिलांतल्या निवडून आलेल्या हिंदी सभासदांपैकी मुसलमान किती, हा त्यातला मुख्य भाग. पंजाब ५० टक्के. बंगाल ४०. संयुक्त प्रांत ३०. बिहार-ओरिसा २५. मध्य प्रांत १५, मद्रास १५. मुंबई इलाखा एक तृतीयांश. मतदारसंघ वेगळे: मुसलमानांना मुसलमानच निवडून देणार आणि सर्वसाधारण मतदारसंघातलं त्यांचं जादा मत बंद.

आकडे लोकसंख्येशी ताडून बघा, म्हणजे कागद बोलायला लागतो. ज्या लखनौत तुम्ही बसलात त्या प्रांतात मुसलमान शेकडा १४. त्यांना जागा दुपटीहून जास्त. बंगालात आणि पंजाबात ते निम्म्याहून अधिक. तिथं त्यांनी बहुमत सोडलं. म्हणजे ढाक्याच्या कुळांनी अवधच्या तालुकदारांसाठी आपलं पान वाढून ठेवलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. इथल्या हिंदू वकिलांचीही तीच तक्रार. शेगडीजवळचे अलाहाबादचे गृहस्थ हात शेकत करवादतात, “म्युनिसिपालिटीच्या कायद्यात यंदा एकदा दिलं. आता कौन्सिलात द्या. देणारे सगळे दख्खनचे आणि बंगालचे, जागा जाणार आमच्या.”

त्यांना उत्तर द्यायला कुणी उठत नाही, कारण उत्तर नाही. उदारपणाचा खर्च नेहमी कुणा तिसऱ्याच्या खात्यावर पडतो. टिळकांनी हे जाणून केलं. हिशेबात ते कच्चे नव्हते. उरावर बसलेल्या तिसऱ्याला आधी उठवायचं आणि त्यासाठी घरातल्या धाकट्याला हवं ते लिहून द्यायचं, हा त्यांचा आडाखा. मला तो आडाखा मोठा वाटतो. पुरता होता असं मात्र नाही.

वाईकर चष्मा नाकावर ओढून कागद वाचतात. इंग्रजी त्यांना बेताचं येतं, पण आकडे येतात. “ह्यात आमचा रकाना कुठाय?”

“तुम्ही हिंदूंत आलात की,” मास्तर म्हणतात.

“आलो व्हय?”

मास्तर तपकिरीची डबी उघडतात आणि मिटतात. मद्रासेत आठच दिवसांपूर्वी ब्राह्मणेतरांचा जाहीरनामा निघालाय. महू छावणीत जन्मलेला पंचविशीतला एक तरुण या घटकेला लंडनच्या ग्रंथालयात बसून आहे, ग्रेज इनमध्ये नाव घालून त्याला दीड महिना झालाय. कागदात त्यांचाही रकाना नाही. शिखांचाही नाही. वाईकर कागद नीट चार घड्या घालून परत देतात.

पण त्या कागदाची एक गोष्ट मानायला हवी आणि ती कळायला आयर्लंडच लागतं. याच वर्षी, मे ते जुलै, ब्रिटिश मंत्री लॉइड जॉर्जनी तिकडे असाच एक व्यवहार मांडला होता. होमरूल लगेच देऊ, अल्स्टरचे सहा जिल्हे तेवढे वगळू. नऊपैकी सहाच का? तर नऊ घेतले तर प्रॉटेस्टंटांचं बहुमत काठावर येतं, सहात ते भक्कम होतं. होमरूल मागणाऱ्या राष्ट्रवाद्यांच्या रेडमंडना कळलं की ही वगळणूक तात्पुरती. कार्सनना लेखी भरवसा मिळाला की तात्पुरती नाही, अल्स्टरला मनाविरुद्ध कधी आत ढकलणार नाही. रेडमंडच्या माणसांनी बेलफास्टात आपल्या लोकांची सभा घेऊन, शिव्या खाऊन, मन मारून होकार मिळवला. मग दोन्ही कागद शेजारी आले आणि जुलैत सगळं कोसळलं. रेडमंड त्यातून पुन्हा उभे राहिले नाहीत. लॉइड जॉर्ज या डिसेंबरात पंतप्रधान झालेत.

लखनौत कागद एकच आहे. जीनांनी वाचला तोच टिळकांनी वाचला आणि तोच आत्ता या शेगडीपाशी शिव्या खातोय. खोडाखोड सगळ्यांना दिसते.

त्यात आणखी एक कलम आहे, वकील मंडळी त्यावरून चटकन पुढे जातात. तुम्ही थांबा. एखाद्या समाजावर परिणाम करणारं बिल किंवा त्यातलं कलम आलं आणि त्या समाजाच्या तीन चतुर्थांश सभासदांनी विरोध केला, तर ते पुढे न्यायचं नाही. हे तुम्ही कुठंतरी वाचलंय. बेलफास्टच्या १९९८ च्या करारात. तिथल्या विधानसभेत आजही सभासद सही करताना स्वतःला राष्ट्रवादी, युनियनिस्ट किंवा ‘इतर’ म्हणून नोंदवतो. आणि महत्त्वाच्या ठरावाला नुसतं बहुमत पुरत नाही: दोन्ही बाजूंचं वेगवेगळं बहुमत तरी लागतं, नाहीतर एकूण ६० टक्के आणि प्रत्येक बाजूचे किमान ४०. धाकट्याच्या हातात कुलूप द्यायचं, हीच दोन्हीकडची युक्ती. मधली ब्याऐंशी वर्षं अंगावर घेऊन बेलफास्टानं ती पुन्हा शोधली.

एक कुलूप मात्र त्या करारात नाही. आयर्लंड एक व्हायचं की नाही यासाठी उत्तरेत सार्वमत घ्यायचं आणि त्यात निम्म्याहून एक मत जास्त पुरेल. राष्ट्रवादी म्हणतात, युनियन इतकी वर्षं याच हिशेबावर टिकली, सहा जिल्हे याच हिशेबानं कापले, आता पारडं फिरतंय तर नियम बदलता? २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक घरातले ४५.७ टक्के आणि प्रॉटेस्टंट घरातले ४३.५; शंभर वर्षांत पहिल्यांदा कॅथलिक पुढे. ब्रेक्झिटच्या वेळीही उत्तरेनं ५५.८ टक्क्यांनी युरोपात राहायचं म्हटलं होतं, तरी बाहेर जावं लागलं. युनियनिस्ट म्हणतात, आम्ही ब्रिटिश आहोत हे डोकी मोजून ठरत नाही. दवाखाना, पेन्शन, तिजोरी लंडनशी बांधलेली, ती उद्या एका मतानं सोडायची? दोघांचंही खरं आहे, म्हणून वाद मिटत नाही. शेमस मॅलन या राष्ट्रवादी नेत्यानं, जन्मभर एकीकरण मागितलेल्या माणसानं, २०१९ मध्ये आपल्याच लोकांना सांगितलं की एका मतानं जिंकलेलं आयर्लंड नको, समोरच्यांची वेगळी संमती घेऊ. त्याच्या पक्षातल्या अनेकांना ते रुचलं नाही. लखनौच्या पडवीतले अलाहाबादकर त्यांना लगेच ओळखू आले असते.

हे सगळं तुम्हाला मास्तरांना सांगायचंय. तोंड उघडता, ठसका. “सकाळी काढा घ्या,” मास्तर म्हणतात.

सकाळी काढ्याऐवजी चौक. गोल दरवाजाच्या आत मातीच्या परळात पिवळसर फेस मांडून विक्रेते बसलेत. रात्री दूध घुसळून गच्चीवर ठेवायचं, दंव पडू द्यायचं आणि उजाडायच्या आत फेस काढून घ्यायचा. वर केशर. याला निमिष म्हणतात. उन्हाची तिरीप आली की बसायला लागतं, म्हणून विकणारा घाईत असतो. वाईकर द्रोण तोंडाला लावतात आणि गोंधळून बघतात. जिभेवर गोड लागतं आणि गिळायला काही उरत नाही.

“पैसं कशाचं घेतलं ह्येनं?”

विक्रेत्याला मराठी कळत नाही, पण प्रश्न कळतो. हसून तो आणखी एक कालथाभर वाढतो. मास्तर उत्साहानं त्याला सांगू लागतात, मोडक्या हिंदीत, की आज हिंदू-मुसलमान एक झाले. तो मान डोलावतो. मग हात पुसत विचारतो, “और शिया-सुन्नी, हुज़ूर?”

या गल्ल्यांत तो प्रश्न खोचक नाही, रोजचा आहे. दहा वर्षांपूर्वी मुहर्रमच्या ताजियांवरून इथं अशी जुंपली की सुन्नींना फूलकटोऱ्याला वेगळी करबला मिळाली, शियांची तालकटोऱ्याला राहिली. १९०८ मध्ये सरकारला पिगॉट समिती नेमावी लागली: कुठली मिरवणूक कुठल्या वाटेनं, कुठल्या दिवशी, कुणाची स्तुती मोठ्यानं म्हणायची. बेलफास्टच्या माणसाला इथं आणून सोडा, चटकन रुळेल. तिथंही प्रॉटेस्टंटांच्या ऑरेंज लॉजचे ढोल कुठल्या रस्त्यानं न्यायचे यावर उन्हाळे पेटलेत. कागदावर ‘मुसलमान, ३० टक्के’ असा एक रकाना आहे. चौकात त्याचे दोन आहेत. मास्तर द्रोण टाकतात आणि म्हणतात, चला, कैसरबाग बघू.

कैसरबाग वाजिद अली शहानं बांधली. सत्तावन्ननंतर सरकारनं ती अवधच्या तालुकदारांत वाटली. पिवळ्या कमानी, हिरवी झडपं, मध्ये पांढरी बारादरी. इथून चालताना जरा जपून, कारण या आवारात वर्षं घसरतात. एका कमानीतून बाहेर पडता तो ऑगस्ट १९२८: सर्वपक्षीय परिषद लखनौत भरलीय, मोतीलाल नेहरूंचा अहवाल पुढे आहे आणि त्यात वेगळे मतदारसंघ पुसून टाकलेत. बारा वर्षांपूर्वीचा कागद बहुमतानं फाडला. चांगल्या हेतूनंच फाडला. कुलूप काढलं म्हणजे घर एक होईल असा हिशेब. पुढच्या कमानीत ऑक्टोबर १९३७, पुन्हा लीगचं अधिवेशन. एक सडपातळ गृहस्थ उतरतात. चेहरा ओळखीचा, चाल ओळखीची. परवा मंडपात साहेबी सूटमध्ये बसलेले चाळीस वर्षांचे बॅरिस्टर. आज अंगात शेरवानी आहे आणि डोक्यावर काळी कराकुली टोपी. तुम्ही मागं वळता. मास्तर दोन पावलं मागं, १९१६ मध्येच, जोड्यातला खडा काढतायत.

“काय बघताय?”

“काही नाही.” याला मात्र ठसका लागत नाही.

उन्हं कलताना तुम्ही तिघं रेसिडेन्सीत पोचता. भिंतींना तोफगोळ्यांची भोकं तशीच ठेवलीत. मधोमध पडका मनोरा, वर युनियन जॅक. इथं १८५७ मध्ये ३० जूनपासून ८७ दिवस इंग्रज वेढ्यात होते. वेढा पडून दोन दिवस होतात न होतात तोच खोलीत गोळा फुटला आणि चीफ कमिशनर सर हेन्री लॉरेन्स ४ जुलैला वारले. थडगं साधं आहे. मास्तर त्यांना ‘इंग्रज’ म्हणतात आणि तुम्हाला दुरुस्त करावंसं वाटतं. लॉरेन्सचे वडील कोलरेनचे, स्वतः हेन्री शिकले डेरीच्या फॉइल कॉलेजात, मामा तिथं हेडमास्तर. अल्स्टरचं घर. ज्या डेरीनं १६८९ मध्ये दरवाजे लावून १०५ दिवस वेढा सोसला, ज्या वेढ्याची आठवण काढून तिथले युनियनिस्ट आजही ‘शरण जाणार नाही’ म्हणतात, त्या गावच्या शाळेतलं पोर लखनौच्या वेढ्यात मेलं. मोजक्या लोकांनी, चहूकडून घेरलेले असताना, दार लावून बसणं: अल्स्टरच्या घरात हे गोष्टींतून येतं. कार्सनच्या सह्या शाईच्या होत्या, पण त्यामागं ही भिंत होती.

त्या गावाला नेमकं म्हणायचं काय, हेही ठरलेलं नाही. राष्ट्रवादी ‘डेरी’ म्हणतो, युनियनिस्ट ‘लंडनडेरी’. नाव घेतलं की माणूस कुठल्या बाजूचा ते कळतं. मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही. बेळगाव म्हणणारा कोण आणि बेळगावी म्हणणारा कोण, आपण पहिल्या शब्दात ओळखतो. टिळकांची होमरूल लीग जिथं जन्मली ते गाव कुणाच्या घरात, हा आपला खटला अजून कोर्टात आहे.

अंधार पडायला लागतो. गवतावर दंव बसतं, वाईकर घोंगडी घट्ट ओढतात आणि वर बघतात.

“सांज झाली. झेंडा उतरवत न्हाईत व्हय?”

चौकीदार जवळच बिडी ओढत उभा आहे. बाकी सगळ्या ठिकाणी सूर्यास्ताला निशाण उतरतं. “यह वाला नहीं उतरता, बाबूजी. रात को भी नहीं।”

“कधीच?”

चौकीदार खांदे उडवतो. तुम्हाला ठाऊक आहे. ऑगस्ट १९४७, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, रात्री, गाजावाजा न करता. आणि तो उतरला त्याच आठवड्यात पंजाब आणि बंगाल, कागदावरचे ५० आणि ४०, नकाशावर चिरले गेले. तुम्ही तोंड उघडता. या खेपेचा ठसका थांबतच नाही, डोळ्यांतून पाणी येतं, मनोऱ्यावरचं फडकं त्यात विरघळतं.

मास्तर पाठीवर हात फिरवतात. मग कोटाच्या आतल्या खिशातून कागदाची पुडी काढतात, खडीसाखरेचा खडा तुमच्या तळव्यावर ठेवतात, दोरानं सोललेल्या जागेवर, आणि म्हणतात, “बोलू नका. चघळा.”